चिंचेपासून डावीकडे

आमच्या शेजारच्या गणपतभाऊंना कुणी पत्ता विचारला की तो माणूस हमखास चुकणार. पत्ता बरोबर असतो हो, पण चाळीस वर्षांपूर्वीचा! "टांगा स्टँडवरून सरळ, चिंचेपासून डावीकडे." आता बदलापुरात टांगे कुठले नि चिंच कुठली? परवा कुरिअरवाला घामाघूम होऊन परत आला. "काका, चिंच किधर है?"

भाऊ शांतपणे म्हणाले, "तोडली. पण जागा तीच आहे की!"

नोकरी झाली अंबरनाथच्या कारखान्यात, जीव मात्र आमच्या जुन्या दगडी स्टेशनात. चहाला बोलवा, लगेच टेबलावर स्टेशन मांडतात. बिस्किटांचा फलाट, चमच्यांचे रूळ. माझा कप म्हणजे मास्तरांची खोली. मी उचलायला गेले की ओरडतात, "ताई, मास्तर आत आहेत!" त्यांच्यापायी किती चहा गार झाला म्हणून सांगू!

यंदा आमच्या सोसायटीची स्मरणिका निघणार होती. भाऊंनी स्टेशनचा इतिहास लिहिला, अख्खी शंभर पानी वही भरून. सेक्रेटरींनी ती हातात तोलली नि म्हणाले, "भाऊ, पान एकच मिळेल हां."

भाऊंचा चेहराच पडला. दोन दिवस चहालाही आले नाहीत. मीच गेले, म्हटलं, "मालधक्का गाळा, सिग्नल गाळा."

"ते गळतील हो," एवढंच बोलले.

तिसऱ्या दिवशी एक पान घेऊन आले. त्यांचं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून मी सुवाच्य उतरवून द्यायचं ठरलं होतं. सेक्रेटरीही बसले होते. मी मोठ्यानं वाचायला लागले.

"माझी आई सोनूबाई. स्टेशनावर पळसाच्या द्रोणात जांभळं विकायची. मी पाठीला बांधलेला. गाडी थांबे तेवढ्यात ती पाच-सहा खिडक्या गाठायची. एखादा द्रोण उरला तर तो माझा. ती गाडी यायची वाट बघायची, मी द्रोण उरायची."

सेक्रेटरींनी पान उलटून पाहिलं. "भाऊ, यात स्टेशनचा इतिहास कुठाय?"

"बाकीचं सगळं रेल्वेनं लिहून ठेवलंय, साहेब. हिचं कुठंच नाही."

सेक्रेटरींनी पान पुन्हा सुलटं केलं. मग हळूच म्हणाले, "आईंचा फोटो द्या, वर छापू."

"फोटो कोण काढणार होतं तिचा?" भाऊ हसले. मग माझ्याकडे वळून, जरा लाजतच म्हणाले, "ताई, नाव तेवढं मोठं काढाल?"

काढलं. लांबून वाचता येईल एवढं.