कम्प्युटरले बोलनं शिकवनारी सुमनमावशी

आमच्या बोरगावच्या गल्लीत सुमनमावशीच्या दारावरून कोनी मुकाट्यानं जाऊच शकत नाई. हात धरून ओसरीत बसवते, तोंडात गुळाचा खडा कोंबते न् फोन पुढं करते. "बोल वं, काय रांधलं आज? घरच्यावानी बोल, पुस्तकावानी नोको!" कोन्या तरी कंपनीनं तिले काम देलं हाय. आपलं वऱ्हाडी बोलनं भरून पाठवाचं, त्याच्यावरून कम्प्युटर आपली बोली शिकते म्हने. मले तं काई समजत नाई, मी आठवी नापास.

कम्प्युटरनं चुकीचं लिहिलं का मावशी फोनवरून हात फिरवते. "लहान हाय तो अजून. त्याले हळू सांगा." भाजीवाल्यालेही रागावते, "एका दमात काऊन वरडतं रे? त्याले समजलं पाह्यजे ना!"

माही पिहू अडीच वर्साची, पन गूळ खाऊनही एक शब्द बोलली नाई. मंग घरातलं बोलनं भरून घ्याले मावशीनं आपला जुना फोन चार दिवस माह्या घरात चालू ठेवला. पाचव्या दिवशी पिहू आनखीनच चूप वाटली. या फोननं पोरीचा आवाज ओढून तं नाई घेतला? मी पळतच मावशीकडं गेली.

"मावशी, माह्या पोरीचा आवाज वापस द्या!"

मावशी हासली नाई. तिनं फोनात दोन रंगाच्या रेघा दाखवल्या. "लाल तू, हिरवी पिहू. कम्प्युटरनं दोघींचे आवाज येगळे केले. हे पाह्य, तू हाक मारली, हिरवी रेघ उठली नाई. थाळी पडली, हिरवी नाई. पोरगी आवाज काढते, पन आपल्या मनानं. तुले जवाब म्हनून एकदाही नाई."

"म्हंजे?"

"म्हंजे बोलन्याचं मागून पाहू. उद्या मोठ्या दवाखान्यात कान तपासू. मी येतो संग."

"तुमाले कसं समजलं पन?"

"माह्या पोराच्या, विनूच्या वक्ती रेघा दाखवनारं कोनी नव्हतं. पाच वर्स मी त्याले 'बोल, बोल' म्हनून मारलं."

तेवढ्यात विनूचाच फोन आला, नागपुरातून, व्हिडिओवाला. मावशीनं फोन गुळाच्या डब्याले टेकवला न् एकदम चूप झाली. नुसत्या हाताच्या खुना. तिकडून त्याचेही हात. दोघं हासले, आवाजच नाई. पिहू माह्या कडेवरून उतरली न् मावशीच्या हाताकडं टक लावून पाहत बसली.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "मावशी, 'भिऊ नोको' हे हातानं कसं सांगतात?"