दारावरची तुटक अक्षरं

पेंटरनं सहा महिने खपून कॉम्प्युटरवर एक फॉन्ट बनवला. अंतराळयानावर शोभावीत अशी टोकदार अक्षरं आणि पत्र्याच्या स्टेन्सिलमधून रंग मारावा तशी प्रत्येक अक्षरात फट. गेमचं पोस्टर, जिमची भिंत, गाड्यांचं शोरूम, कुठेही शोभेल म्हणून तो सांगत फिरला. गिऱ्हाइकं मान डोलवत आणि जुन्याच अक्षरात पाटी करून नेत. शेवटी त्यानं स्वतःच्याच दारावर पाटी लावायचं ठरवलं. (घरात आपलं कुणी ऐकतं, असा त्याचा सात वर्षांच्या संसारानंतरही समज होता.)

निमित्तही तसंच होतं. सासरे, म्हणजे निवृत्त मास्तर, लग्नापासून जावयाशी एक शब्दही बोलले नव्हते. ते आज पहिल्यांदाच घरी यायचे होते. पेंटरनं काळ्या पाटीवर अंधारात चमकणाऱ्या हिरव्या रंगात दोन ओळी उमटवल्या. वर बारीक 'आनंद', खाली ठळक 'मय घर'.

दुपारी जिन्यात काठी वाजली. ठक... ठक... दाराशी येऊन थांबली. बेल काही वाजेना. बायकोनं पेंटरचा दंड घट्ट धरला. दारापलीकडून कुणीतरी कापऱ्या आवाजात एकेक अक्षर लावत म्हणालं,

"भय... धर."

"कोण आहे?" पेंटर ओरडला.

"भय धर!"

मग काठी धडपडत जिना उतरत गेली.

दार उघडलं तर बाहेर चिटपाखरू नाही. बिनखिडकीच्या जिन्यातला दिवा गेलेला. अंधारात हिरवी अक्षरं तरंगत होती आणि खाली एकच चप्पल पडली होती.

"अगं बाई, ही बाबांची!"

"म्हणजे... त्यांना नेलं?" पेंटर पुटपुटला.

"कोण नेतंय! तुमची पाटी वाचा आधी."

त्यानं वाचली. फटी नेमक्या शिरोरेघेत पडल्या होत्या. 'म'चा 'भ' झाला होता, 'घ'चा 'ध', आणि वरचा बारीक 'आनंद' अंधारात दिसतच नव्हता.

सासरे खालच्या पायरीवर छाती धरून बसले होते.

"तुझ्या नवऱ्याला सांग," ते लेकीला म्हणाले, "बोलत नाही म्हणून म्हाताऱ्याला धमक्या देऊ नये!"

तिनं समजूत घालून त्यांना वर आणलं. ते पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"जावईबापू," सात वर्षांत पहिल्यांदाच ते म्हणाले, "अशीच एक मला करून द्या. निवृत्त झाल्यापासून घरी लोक फार येतात. आणि एवढं करा, सुधारू नका!"