उरलेल्यांनी काळजी करू नये

हृदय कसे आहे हे कळणे महत्त्वाचे. ते कोणाचे आहे, हा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने दुय्यम आहे. आमच्या संस्थेने हे तत्त्व जितक्या निष्ठेने पाळले, तितक्या निष्ठेने क्वचितच कुणी पाळले असेल.

हृदयाभोवती चरबीचा एक थर असतो. पोट चारचौघांना दिसते, हा थर दिसत नाही. तो जाड झाला की प्रकरण जिवावर बेतू शकते. स्कॅन करून तो दरवर्षी मोजायचा, असा आमचा पाच वर्षांचा अभ्यास. चारशे माणसे हवी होती. बाहेरून तीनशे साठ मिळाली (तपासणी मोफत म्हटल्यावर शंभर, चहा-बिस्किटेही मोफत म्हटल्यावर बाकीची). उरलेल्या चाळीस जागांसाठी कर्मचाऱ्यांनी स्वखुशीने यंत्रात झोपावे, असे परिपत्रक निघाले. ज्यांनी स्वखुशी दाखवली नाही, त्यांच्याकडून खुलासा मागवण्यात आला.

गोपनीयता कडेकोट होती. स्कॅन होताच नाव पुसून क्रमांक पडे. कोणता क्रमांक कोणाचा, हे फक्त संगणकाला ठाऊक. आणि अभ्यास संपेपर्यंत त्याला ते विचारायचे नाही, असा नीतिसमितीचा दंडक. कारण निकाल कळला की माणूस घाबरून सुधारतो, आणि सुधारलेला माणूस अभ्यासाच्या काही कामाचा राहत नाही.

पहिल्याच वर्षी एक अप्रतिम हृदय सापडले. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना अंधाऱ्या खोलीत बोलावून ते पडद्यावर दाखवले. चहूबाजूंनी चरबी, जणू गादीत गुंडाळून ठेवलेले. दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद. सगळ्यांच्या तोंडून "वा!" निघाले. पुढे परिषदेत या चित्राला पहिले बक्षीसही मिळाले.

"पण सर, हा माणूस फार दिवस काढायचा नाही," एक नवीन डॉक्टरीण म्हणाली.

"कोणता माणूस?" मोठ्या डॉक्टरांनी खरोखरच गोंधळून विचारले.

समितीच्या चार बैठका झाल्या (तिसरी, दुसरीचे इतिवृत्त मंजूर करण्यासाठी). अखेर दंडकही मोडू नये आणि माणूसही मरू नये असा तोडगा निघाला. चारशेच्या चारशे जणांना मोबाइलवर संदेश गेला: "आपल्यापैकी एकाच्या हृदयाला गंभीर धोका आहे. त्यांनी ताबडतोब डॉक्टरांना भेटावे. उरलेल्यांनी काळजी करू नये." मसुदा माझा. शेवटचे वाक्य विशेष नावाजले गेले.

परिणाम अपेक्षेबाहेर चांगला झाला. कुणीच काळजी केली नाही.

संस्थेत तर अर्ध्या तासात निकालही लागला. ते हृदय आमच्या भांडारपालाचे. त्याला सगळे ढब्बू म्हणत. दोन खुर्च्या त्याच्याखाली कामी आलेल्या. "ढब्बूशेठ, मृत्युपत्र केलंत का?" असे जाता-येता विचारले जाऊ लागले. यात आघाडीवर आमचा आकडेतज्ज्ञ, उर्फ काडीपैलवान. वाढदिवसाच्या केकचे चार तुकडे खाऊनही याच्या शर्टात दुसरा माणूस मावेल. त्याची बायको नोंदणीच्या टेबलावर बसे. ती आमच्या खोलीत आली.

"अहो, एकदा दाखवून या ना. सकाळी जिन्यात थांबला होतात."

"चपलेचा पट्टा बघत होतो."

"पायात बूट होते."

"अगं, चारशेत एक म्हणजे पाव टक्का. पाव टक्क्यासाठी कुणी रजा टाकतं का? आणि माझ्या अंगावर आहे काय? हाडं नि कातडी! जा, त्या ढब्बूला सांग."

ती खरेच गेली आणि सांगून आली. ढब्बू आधी रडला, मग डॉक्टरांकडे गेला. फारसे काही निघाले नाही, पण धसका असा घेतला की पहाटे चालू लागला आणि वर्षात अकरा किलो उतरला. सहभागी व्यक्तीने पूर्वपरवानगीशिवाय वजन घटवून आकडेवारी बिघडवल्याबद्दल त्याला समज देण्यात आली.

दुसऱ्या वर्षीच्या स्कॅनला तीनशे नव्व्याण्णव माणसे आली. संगणकाने जुनी-नवी चित्रे जुळवून पाहिली. सगळी जुळली, फक्त ते बक्षीसपात्र हृदय आले नव्हते.

काडीपैलवान तीन आठवड्यांपूर्वी कामावर येताना गेला होता. गैरहजेरीची नोंद त्याच्या बायकोलाच करावी लागली, कारण ते टेबल तिचे. संगणकावर मृत्यूचा रकाना नाही, म्हणून तिने "सहभाग सोडला" हा पर्याय निवडला. मला तिच्याकडे बघवेना. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, आणि माझ्या शेजारी ढब्बू हमसून रडत होता.

समितीने संदेशाचे मूल्यमापन केले. चारशेपैकी तीनशे नव्व्याण्णव जणांना तो दिलासा अगदी रास्त ठरला होता. अचूकता नव्व्याण्णव पूर्णांक पंचाहत्तर टक्के. एवढी तर यंत्राचीही नाही.

या यशामुळे आता अभ्यास सर्वसामान्य जनतेपर्यंत न्यायचे ठरले आहे, आणि हा मजकूर त्याचाच पहिला टप्पा. वाचता वाचता तुमच्या डोळ्यांपुढे एखादी ढेरी आलीच असेल: मेव्हण्याची, साहेबांची, शेजाऱ्यांची. हे आधी कुणाला पाठवायचे, तेही ठरले असेल. पाठवा. त्यांनीही हे पाठवण्यासाठी तुमचे नाव आधीच ठरवले आहे.