मागे येणारी गाडी

सार्वजनिक बससेवा सुधारायची असेल, तर आधी तिच्यातला सार्वजनिक हा भाग काढून टाकावा लागतो, हे आता सगळ्या विचारी मंडळींना पटलेले आहे. त्यानुसार आगार कंपनीकडे सोपवायचे ठरले आणि कंपनीच्या तज्ज्ञांनी पाहणी केली. गाडी चालू असताना शंभरपैकी शंभर कंडक्टर नुसते उभे असतात, असे त्यांना आढळले. (गाडी सुटण्याआधी ते काय करतात, हे पाहणीच्या कक्षेत नव्हते.) सबब, कंडक्टर हे पद अनावश्यक ठरले.

मग संप झाला. फाटकाशी मंडप पडला आणि पहिल्या रांगेत जुने कंडक्टर डबलमामा बसले. गाडी सोडताना घंटीचे दोन ठोके ते असे दणकून देत, की डुलक्या घेणारा प्रवासी उतरायची तयारी करी. त्यावरून हे नाव पडले. मामींनी सकाळीच बजावले होते, की नोकरी वाचवूनच घरी या. तुम्ही दिवसभर घरात बसलात, तर मी मंडपात येऊन बसेन. मामी बोलल्याप्रमाणे वागणाऱ्या होत्या.

नोकरी वाचायची आशाही होती. संध्याकाळी पाचच्या आत कंपनीने स्वतःच्या माणसांकडून एक तरी गाडी रस्त्यावर आणायची, नाहीतर करार रद्द, अशी अट होती. आगार इतके अडचणीचे, की आत उभी केलेली गाडी उलटीच बाहेर काढावी लागे. चालकाला मागचे दिसत नाही; कंडक्टरने मागे उभे राहून, पत्र्यावर थाप मारत वाट दाखवायची, ही तिथली रीत.

कंपनीच्या नव्या चालकाने पहिल्या प्रयत्नात नळ उडवला, दुसऱ्यात सायकलींचा स्टँड. प्रगती समाधानकारक असल्याचे व्यवस्थापकांनी पत्रकारांना सांगितले. मंडपात आनंदीआनंद होता. पाच वाजत आले, करार गेल्यात जमा होता. तेवढ्यात गाडीचा मागचा कोपरा फाटकाच्या खांबाकडे निघाला.

मामा उठले. खरे तर मामा बसूनच होते, पाय उठले.

"येऊ दे, येऊ दे. डावीकडे काप. अजून. बस! आता सरळ घे."

गाडी अलगद बाहेर आली. मामांनी पत्र्यावर दोन थापा दिल्या, जागेवर येऊन बसले आणि घोषणेसाठी मूठ वर केली. घोषणा मात्र कोणीच देत नव्हते.

"मामा, हे काय केलंत?" शेजारी बसलेल्या संपकरी चालकाने हळूच विचारले.

"अरे, खांबाला लागत होती ती," मामा म्हणाले, आणि मग त्यांचे डोळे भरून आले.

मामा कंपनीचे माणूस नाहीत, अशी रास्त हरकत निघाली. तेव्हा कंपनीने त्यांना पाचला पाच कमी असताना कामावर घेतल्याचे दाखवले आणि पाच वाजून पाच मिनिटांनी कमी केले. प्रदीर्घ सेवेबद्दल हारही घातला. करार पक्का झाला.

संपाला जनतेचा संपूर्ण पाठिंबा होता, हे इथे नमूद केले पाहिजे. फाटकासमोरच्या थांब्यावरचा प्रत्येक जण दुपारी मंडपात येऊन, मामांच्या खांद्यावर हात ठेवून, आम्ही तुमच्याबरोबर आहोत, असे सांगून गेला होता. तुम्हीही सांगितलेत. मग ती गाडी थांब्याला लागली, आणि धक्काबुक्कीत तुम्हाला खिडकी मिळाली. मंडपाच्या बाजूचीच मिळाली. पण ऊन येते म्हणून तुम्ही पडदा ओढून घेतलात.