तातय सिलाक आणि चोलिंग मावशीचा हात

मला गंडवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी लोकांना सांगत असे. नुसतं सांगत नसे, पगार घेऊन सांगत असे! दुमागेते शहराच्या अलीकडे समुद्रकाठी आमचं गाव, आणि तिथल्या नगरपालिकेत मी माहिती विभागात. शाळाशाळांतून हिंडून ‘भोंदू पंथ कसा ओळखावा’ यावर भाषण ठोकायचं, हे माझं काम.

भाषण तोंडपाठ होतं. सगळी लक्षणं एका हाताच्या बोटांवर. अंगठा म्हणजे पुढारी कधीच चुकत नाही. तर्जनी म्हणजे प्रश्न विचारायचा नाही. मधलं बोट, घरच्यांपासून तोडतात. अनामिका, गेल्या गेल्या तुमची स्तुती सुरू. आणि करंगळी, एकदा आत गेलात की बाहेर पडणं पाप. पोरं टाळ्या वाजवायची. मधल्या बोटाला जरा जास्तच वाजवायची, पण ते जाऊ द्या.

तर एका सकाळी माझी बायको देलिया भात परतता परतता म्हणाली, “तिबोय, तुझी मावशी त्या किरणवाल्याकडे जायला लागलीय म्हणे.”

“कोण किरणवाला?”

“तातय सिलाक. डोंगराच्या पायथ्याशी बांबूचा मंडप घातलाय त्यानं. आईबापांशिवाय जन्मलाय म्हणे! डोंगरावर किरण पडला आणि त्यातून हा निघाला.”

“वय काय किरणाचं?”

“तिशीचा असेल.”

“तिशीचा, आणि सगळ्या गावाचा तातय? बाप?” मी ताडकन उठलो. माझी चोलिंग मावशी! आई गेल्यावर जिनं मला वाढवलं, तळलेले मासे विकून शिकवलं, ती माझी मावशी भोंदूच्या तावडीत! आणि मी गावभर बोटं दाखवत हिंडतोय!

मावशी अंगणात खुर्ची टाकून गुडघा चोळत बसली होती.

“अगं, तिथं खोबरेल तेलानं गुडघे चोळून देतात. फुकट. आणखी काय?”

“मावशी, अशीच सुरुवात होते! आज गुडघा, उद्या घरदार!”

“मग तू ये की सोबत. मोठा शहाणा ना तू.”

गेलो. तिला हाताला धरून परत आणायचं, एवढाच बेत होता. पण फाटकातच पांढऱ्या शर्टातली दहाबारा माणसं माझ्याकडे बघून थबकली. त्यातला एक म्हातारा तर गदगदला.

“तेच कपाळ! तातयना स्वप्नात दिसलेला बुद्धिमान पुरुष! आलात? किती वाट पाहायला लावलीत!”

माझी अनामिका फुरफुरली. खोटं कशाला सांगू, फुरफुरली! पण मी विचार केला, स्तुती हे लक्षण कधी? खोटी असेल तेव्हा. यांनी तर अचूक ओळखलं होतं.

आत तातय सिलाक उंच वेताच्या खुर्चीत बसलेला. माणसं रांगेनं जात, वाकून त्याचा हात आपल्या कपाळाला लावत. आमच्याकडे धाकट्यानं थोरल्याचा हात कपाळाला लावायचा असतो, इथं सत्तरीचे म्हातारे तिशीच्या पोरापुढे वाकत होते. मीही वाकलो. मावशीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “नको रे बाबा, माझ्या हाताला तेल आहे,” आणि तेलाच्या बाटलीकडे निघून गेली. नंतरही दर खेपेला तिच्या हाताला तेलच असायचं.

“तुझ्यासाठी एक पद राखून ठेवलंय, बाळ,” तातय मला म्हणाला. माझ्याहून दहाबारा वर्षांनी लहान तो! “तू माझी छत्री धरशील.”

आता मी माहिती विभागाचा माणूस. विचारलं, “तातय, किरणातून जन्मलेल्याला उन्हाचा त्रास कसा?”

मंडपात अशी शांतता पसरली की तेलाचा थेंब पडलेला ऐकू यावा. तर्जनी! माझी तर्जनी आपोआप ताठ झाली. तातय नुसता हसला. आणि काय सांगू, उत्तर माझं मलाच सुचलं!

“कळलं! छत्री तातयसाठी नाहीच! सूर्यासाठी आहे! तातयना बघून सूर्याचे डोळे दिपू नयेत म्हणून!”

“वा!” म्हातारा ओरडला. “बघा, म्हटलं नव्हतं? बुद्धिमान!”

झालं. त्या दिवसापासून मी छत्रीवाला. तातयला जे सुचायचं नाही ते मला सुचायला लागलं. त्यानं सांगितलं, बुधवारी महावादळ येणार. बुधवारी आभाळ असं निरभ्र की कोळ्यांनी दोन फेऱ्या जास्त मारल्या! “वादळ निघालं होतं,” मी सगळ्यांना समजावलं, “तातयनी अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं.” माझा अंगठा बिचारा काही बोललाच नाही.

घरी मात्र कठीण होत चाललं. पांढरा शर्ट देलियानं सोसला. पहाटेचा जप सोसला. पण शेजारच्या बारशाला गेलो, समोर अख्खं भाजलेलं डुक्कर, कातडी कशी कुरकुरीत, आणि मी ताट मागे सारलं!

“तू लेचोन नको म्हणालास?” देलियाच्या डोळ्यांत पाणी आलं. “अरे, ताप चढला होता तेव्हासुद्धा नाही म्हणाला नव्हतास!”

“तातयनी वर्ज्य केलंय. आणि देलिया, रविवारी मी वर डोंगरावर जातोय. कायमचा. निवडक किरणांनाच बोलावलंय.”

“आणि मी? इकाय?” इकाय आमची लेक, सहा वर्षांची. खाली जमिनीवर रंग घेऊन बसली होती.

“तातय म्हणतात, घरचे म्हणजे मागचं आयुष्य. वर गेलेल्यानं खाली बघायचं नाही.”

इकायनं छत्रीचं चित्र काढलं होतं, ते तिनं मला दाखवलं, छत्रीखाली मी एकटाच होतो. माझं मधलं बोट मनापासून दुखलं. मी ते मुठीत दाबून धरलं.

आणि मावशी? मावशीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “शनिवारी माझा वाढदिवस. सत्तर वर्षं पुरी होतायत. जातोच आहेस तर जेवून जा. आणि तुझ्या तातयलाही बोलाव. मला एकदा त्याला घरी बघायचंय.”

मला काय आनंद झाला! मावशी वळली! मी सोडवायला गेलेली मावशी आपणहून शरण आली!

शनिवारी अंगणात सगळा गोतावळा. मध्यभागी लेचोन, दीर्घायुष्यासाठी न तोडलेल्या लांबलचक शेवया, केळीच्या पानांतला भात, आणि भाड्यानं आणलेलं कराओके. आमच्याकडे कराओकेशिवाय वाढदिवस म्हणजे नवरीशिवाय लग्न. तातय आला, मागे छत्री घेऊन मी, मागे पांढरे शर्ट. पण काकालोकांना किरण काय आणि वादळ काय! बेर्तिंगकाकांनी सरळ माइकच त्याच्या हातात कोंबला.

“पाहुण्यानं गायचं, हा नियम आहे!”

तातय गायला. डोळे मिटून, हात पसरून, असा की गावातल्या कोंबड्यांना दुपारीच पहाट झाल्यासारखी वाटली. गाणं संपलं. पडद्यावर गुणांचा आकडा उमटला. चोपन्न!

आता आमच्या या यंत्रात चोपन्न मिळवायला सुद्धा कष्ट लागतात. माइक खाली पडला तरी साठ देतं ते! सगळे पांढरे शर्ट माझ्याकडे बघायला लागले.

“हे गुण नव्हेत!” मी पुढे सरसावलो. “चोपन्न म्हणजे... पाच आणि चार... यंत्र शंभरातले गुण देतं, तातयना शंभर पुरत नाहीत, म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं!”

“एकशे चोपन्न!” म्हातारा गहिवरला.

“हो का?” मावशी म्हणाली. “आण रे इकडे.” तिनं गुडघ्यावर हात टेकून उभं राहत एक जुनं प्रेमगीत म्हटलं. मध्येच शब्द विसरली, तिथं लेचोनवाल्याला कातडी वाटून टाक म्हणून सांगितलं, पुढचं कडवं म्हटलं. अठ्ठ्याण्णव! यंत्रानं तुतारी वाजवली. पोरं नाचायला लागली.

तातयचा चेहरा पडला. “यंत्र अपवित्र आहे. बंद करा.”

“बंद?” बेर्तिंगकाका उभे राहिले. “वाढदिवसाच्या घरात?”

“बंद! आणि ही बाई गर्विष्ठ आहे. किरणापेक्षा मोठी व्हायला बघते. तिनं सर्वांसमोर माझा हात कपाळाला लावावा. नाहीतर,” आणि तो माझ्याकडे वळला, “हिचा भाचा पुन्हा हिचं तोंड बघणार नाही.”

देलियानं इकायला जवळ ओढलं. या बाईनं मला वाढवलं होतं, आणि माझ्या तोंडून शब्द निघाले ते असे, “मावशी, लाव ना गं. काय जातंय?”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं. तिनं नुसतं पाहिलं. मग पदर नाही, रुमाल नाही, झग्यालाच हात नीट पुसले. आज तेल नव्हतं. कुरकुरत्या गुडघ्यांनी ती एकेक पाऊल टाकत तातयपाशी गेली, आणि तिनं हात पुढे केला.

तसाच. मनगट सैल, बोटं खाली, पालथा हात. गल्लीतल्या प्रत्येक पोरापुढे ती जसा धरते तसा.

आणि तातय सिलाक वाकला!

त्यानं ठरवून केलं नाही हो! त्याच्या मानेनंच केलं. आमच्याकडे म्हातारीचा हात असा समोर आला आणि कपाळ गेलं नाही, तर लहानपणी पाठीत असा धपाटा बसतो की जन्मभर मणक्याला आठवण राहते. दोन्ही हातांनी त्यानं मावशीचा हात धरला आणि कपाळाला लावला.

“देव तुझं भलं करो,” मावशी म्हणाली. आणि आमची प्रत्येक म्हातारी यानंतर जे विचारते तेच तिनं विचारलं. “कुणाचा रे तू?”

“पासिंगचा,” किरण म्हणाला. “बाकोंगच्या पासिंगचा. तांदळाचे पुतो वाफवून विकते ती.”

एवढं बोलला, आणि मग त्यानं तोंडावर हात दाबला.

“अगंबाई! पुतोवाल्या पासिंगचा नोनोय का तू? तुझी आई तुला शोधत गावोगाव फिरतेय रे! मागच्या बाजारात माझ्यापाशी रडली. जेवलास का?”

त्यानं मान हलवली. नाही.

“मग बस.”

तो बसला. मावशीनं वाढलं. आणि वर्ज्य लेचोन त्यानं असं खाल्लं, असं खाल्लं, की आधी तो म्हातारा चोरून कातडीचा तुकडा उचलता झाला, मग बाकीचे पांढरे शर्टही ताटं घेऊन रांगेत लागले. कुणीतरी माझी बाही ओढली. इकाय होती.

“बाबा, सावलीत छत्री का धरलीय?”

मी वर बघितलं. अंगणावर ताडपत्री होती. मी त्या जेवणाऱ्या पोराच्या डोक्यावर अजून छत्री धरून उभा होतो. मी ती मिटली.

रविवारी डोंगरावर कुणीच गेलं नाही. मावशीचा निरोप मिळताच पासिंग सकाळच्या पहिल्या जीपनं आली आणि लेकाला कानाला धरून घेऊन गेली. आता तो बाजारात आईशेजारी बसून पुतो विकतो. उन्हात बसतो बिचारा, म्हणून छत्री मीच नेऊन दिली.

त्याच रविवारी संध्याकाळी मावशीकडे गेलो. तिचा हात कपाळाला लावला, आणि बराच वेळ तिथंच धरून ठेवला.

“मावशी, तू कशावरून ओळखलंस गं त्याला? कुठल्या बोटावरून?”

“बोटं कसली? तेलानं गुडघ्याला काही उतार पडला नाही. तुला घेऊन गेले त्यानंतर पुन्हा जाणारच नव्हते मी. पण तू छत्री धरून उभा राहिलास.” तिनं गुडघा चोळला. “म्हटलं, पोराला तिथं एकटं कसं टाकायचं?”

म्हणजे एवढे सगळे दिवस मी तिला सोडवत होतो, आणि ती दुखऱ्या पायांनी रोज डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत माझी राखण करत होती! देवाचे, पासिंगचे, त्या कराओकेचे, सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर. पण मावशीचे फेडायला हा जन्म पुरायचा नाही.

भाषणं मी अजून देतो. मावशीही येते, म्हणते बसून पंख्याचा वारा मिळतो. पहिल्या रांगेत बसते, गुडघा चोळत. मी छाती काढून सुरू करतो, “मुलांनो, मला गंडवणारा माणूस अजून...”

ती खोकते. मी दुसरीकडून सुरू करतो.