लिंबू होईपर्यंत

काजलच्या मोबाइलमधलं ॲप तिला दर सोमवारी सांगायचं, की तुमचं बाळ आता अमुक फळाएवढं झालं आहे. अडचण एवढीच होती, की ॲप बनवणाऱ्याने उंद्री गावाचा बाजार कधी पाहिलेला नव्हता. सातव्या आठवड्यात त्याने ब्लूबेरी काढली. काजलने चित्र पाहिलं, खालचे सेंटिमीटर पाहिले, शिवणाची टेप घेतली आणि स्वयंपाकघरातले डबे धुंडाळून काबुली चण्यावर शिक्कामोर्तब केलं.

चौथ्या आठवड्याची खसखस, पाचव्याचा तीळ, सहाव्याची मसूर असा तिचा हिशेब आधीपासूनच चालू होता. पुढे राजमा आला, वाळलेलं बोर आलं, सुपारी आली, अक्रोड आला. हे सगळं ती एका लाल ब्लाऊजपीसमध्ये बांधून ज्वारीच्या कोठीत खोल दडवून ठेवायची. घरात रोज पोळ्याच होत असल्याने त्या कोठीकडे कोणी फिरकत नसे.

दडवण्याला कारण होतं. मागच्या वर्षी दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे मनकर्णाबाईंनी, दुसऱ्याच महिन्यात गावभर पेढे वाटले होते. नवव्या आठवड्यात सगळं संपलं. पेढे खाल्लेली माणसं मग महिनाभर सांत्वनाला येत राहिली आणि प्रत्येकीला पुन्हा पहिल्यापासून सांगताना काजल पार खचून गेली. म्हणून या वेळी तिने आणि नवऱ्याने, गोकुळने, ठरवलं होतं, की लिंबू होईपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही. लिंबू म्हणजे बारावा आठवडा. बोराचा, म्हणजे नववा, आठवडा सुखरूप गेला त्या दिवशी काजल न्हाणीत जाऊन रडली होती.

आणि आज सोमवार होता, लिंबाचा. पहाटेच तिने लिंबू पोटलीत बांधलं आणि दाढ दुखते असं सांगून गोकुळबरोबर चिखलीला सोनोग्राफीसाठी निघाली. गोकुळ मोटरसायकल काढत होता तेवढ्यात मनकर्णाबाई आडव्या आल्या.

"गाडी ठेव. गाडीनं दाढ हादरते. यष्टीनं जा, अन् तिले पुढच्या सीटवर बसव."

दाढेची एवढी काळजी पाहून गोकुळला नवल वाटलं, पण आईशी वाद घालण्यात हशील नव्हतं. दोघे एसटीने गेले. ते वळणाआड होताच मनकर्णाबाईंनी पदर खोचला आणि ज्वारीला ऊन दाखवायला कोठी रिकामी करायला घेतली. सून घरी असती तर पाट्या उचलायला धावली असती. म्हणूनच त्यांनी आजचा दिवस धरला होता. पाचव्या पाटीत पोटली वर आली.

त्यांनी गाठ सोडली आणि हात मागे घेतला. लाल कापड, सुपारी, लिंबू.

शेषरावांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चष्मा पुसून पाहिलं. "मसाला असन कोणाचा."

"मसाल्यात लिंबू बांधते का कोणी?"

शेषरावांना लिंबापेक्षा बायकोचीच काळजी वाटली. तीन वर्षांपूर्वी अंगणात कोणीतरी करणीचे बिब्बे टाकले होते, तेव्हा याच बाईने ते चुलीत घालून वर पोळ्या भाजल्या होत्या. आज मात्र ती पोटलीपासून हातभर लांब बसली होती. करणी असेल तर असू दे, आपल्या घरात आहे काय कोणी मारण्यासारखं, असं ते समजुतीने म्हणाले. त्यावर मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की ते निमूटपणे भगवंतरावांना बोलवायला गेले.

गावात दृष्ट, विंचू आणि हरवलेली म्हैस या तिन्ही खात्यांचा कारभार भगवंतरावांकडे होता. त्यांनी सगळा ऐवज सुपात मांडला आणि मोजला.

"नऊ जिनसा हायेत. नऊ ग्रह." मग त्यांनी डोळे बारीक केले. "पण हे लहानापासून मोठ्याकडं चाललं. हप्त्याहप्त्यानं वाढून राह्यलं हे. आता थांबवलं नाही तर पुढं नारळ निंघन."

तीस वर्षांच्या कारकिर्दीत ते पहिल्यांदाच तंतोतंत बरोबर बोलत होते, पण ते त्यांनाही कळलं नाही.

मनकर्णाबाईंचं लक्ष लिंबाकडे होतं. देठाजवळ असा उंचवटा असलेलं लिंबू गावात एकाच झाडाला लागायचं, आणि ते झाड होतं शेजारच्या पुष्पांजलीचं. पुष्पांजली काजलची चुलत जाऊ. दोन वर्षांपूर्वी न्हाणीचं पाणी कोणाच्या बाजूने काढायचं यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालेलं. मनकर्णाबाई लिंबू घेऊन तरातरा भिंतीपाशी गेल्या आणि दोन वर्षांचं मौन मोडलं.

"हे तुह्या झाडाचं हाय का नाही?"

"माह्याच झाडाचं हाय," पुष्पांजली भांडी घासता घासता म्हणाली. "काल तुमच्या सुनेनंच तुमच्या चोरून मागून नेलं. चार लिंबं टेपनं मोजली अन् त्यातलं हे एक उचललं. म्या म्हटलं लोणचं घालत असन, पण एका लिंबाचं लोणचं कोण घालते?"

 भगवंतराव खाकरले आणि हा घरातलाच हात दिसतो असं म्हणू लागले.

"भगवंतभाऊ," मनकर्णाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माह्या सुनेचं नाव तोंडातून काढायचं नाही."

भगवंतरावांनी नाव गिळलं आणि उपायावर आले. पोटली लिंबासकट पुन्हा बांधून अंगणाबाहेर गोवऱ्यांवर जाळायची आणि राख वेशीबाहेर टाकायची. शेषरावांनी गोवऱ्या रचल्या. काय जळतं ते पाहायला पुष्पांजलीही भांडी टाकून आली. भगवंतरावांनी काडी ओढली, पोटली हातात उंच धरली, आणि नेमक्या त्याच वेळी स्टँडकडून काजल आणि गोकुळ वळणावर आले.

काजलला दुरूनच लाल कापड दिसलं. तिने चप्पल तिथेच टाकली आणि धावत सुटली.

"पळू नोको!" मनकर्णाबाई ओरडल्या. "काजल, पोटाले धक्का लागन!"

भगवंतरावांच्या बोटाला काडीचा चटका बसला. काजलने त्यांच्या हातातून पोटली ओढून घेतली आणि छातीशी धरली. 

"जाळू नका, आई. हे लेकरू आहे माह्यं. एकेक हप्त्याचं."

मग गोकुळने सगळं सांगितलं. खसखशीपासून सांगितलं. सोनोग्राफीत ठोके नीट ऐकू आले हे सांगताना त्याने उगाच फाइल झटकली. शेषराव जवळच्या गोवरीवरच बसले, बरं तर बरं की ती अजून पेटली नव्हती. भगवंतरावांनी आपले नऊ ग्रह आवरते घेतले आणि कोणाचीतरी म्हैस शोधायची राहिली आहे म्हणून निघून गेले.

काजल मात्र सासूकडेच पाहत होती. "तुम्हाले माहीत होतं?"

"फोडणी टाकली का अंगणात पळतं, अन् म्हणतं दाढ दुखते. दाढंनं कोणाले ओकाऱ्या होतात, बाई?" मनकर्णाबाईंनी पदराने डोळे पुसले. "मांगच्या खेपीले म्या साऱ्या गावाले सांगतलं. माह्या तोंडानंच दृष्ट लागली असं वाटे मले. म्हणून यंदा विचारलंच नाही. तोंडात गूळ धरल्यासारखी बसली दोन महिने."

 काजलने सासूचा हात धरला आणि त्यात लिंबू ठेवलं. "एवढं झालं आज," ती म्हणाली. मनकर्णाबाईंनी ते दोन्ही हातांत असं धरलं, की शेषरावांनाही ते एकदा हातात घेऊन पाहावंसं वाटलं.

दिवस मावळेपर्यंत बातमी अख्ख्या उंद्रीत झाली होती. ती या वेळी पुष्पांजलीने पसरवली होती, त्यामुळे मनकर्णाबाईंना बोल लावायची सोय नव्हती. काजल घाबरेल असं गोकुळला वाटलं होतं. पण तिने पोटभर वरणभात खाल्ला आणि झोपली.

पोटली आता देवघरात गेली. पुढच्या सोमवारी पुष्पांजलीने भिंतीवरून टमाटा दिला, टेपने मोजून. मनकर्णाबाईंनी तो देवापुढे ठेवला आणि काजलला पुढचं सगळंच वाचून दाखवायला सांगितलं, म्हणजे बाजाराच्या दिवशी घोटाळा नको. काजल वाचत गेली. संत्रं झालं, मोठा कांदा झाला, आंबा झाला.

"बाविसाव्या हप्त्यात पपई."

मनकर्णाबाईंचा हात घंटेवरच थांबला. पलीकडून पुष्पांजलीनेही सांगून टाकलं, की झाडाला पपया लागल्या आहेत, पण तिच्या हातून एकही मिळणार नाही. दोन वर्षांत दोन्ही घरांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"पोटुशीच्या घरात पपई येत नसते," मनकर्णाबाईंनी निकाल दिला. "तो हप्ता गाळ. एकविसाव्यावरून सरळ तेविसाव्यावर जा."

"अन् बाळ?" काजलला हसू आवरेना.

"ते काय मोबाइल पाहून वाढते का? वाढन आपलं आपलं," त्या म्हणाल्या, आणि कोणी पाहत नाही असं बघून त्यांनी शिवणाची टेप घेतली आणि टमाटा पुन्हा एकदा मोजला.