साटम सर आणि चुलीची देवी

साटम सर चहाचा पहिला घोट स्वतः कधीच घेत नाहीत. तो शेगडीजवळच्या वाटीत ओततात आणि म्हणतात, "आधी हेस्तिया!" हेस्तिया म्हणजे ग्रीकांची चुलीची देवी. आखातातल्या अल ऐनमधल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये तिची ओळख फक्त साटम सरांशी.

सर मूळचे देवगडचे. इथल्या शाळेत भूमिती शिकवतात आणि आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. "प्रमेयं ग्रीकांची चालतात, मग देव का नकोत?" हा त्यांचा सवाल. माझी बायको वैशाली एकदा म्हणाली, "सर, आपले तेहतीस कोटी कमी पडले का?"

"वहिनी, तिकडे रांग फार. इकडे माझा नंबर लगेच लागतो."

आभार मानायचा त्यांना नादच. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, की प्रवाशांच्या हर्मिस देवाचे आभार. भर ऑगस्टात एसी दुरुस्त झाला, की उत्तरेच्या वाऱ्याचे. एसीवाल्याला मात्र नुसतं, "खलास? ओके."

मध्यंतरी आमच्या मुलीचं, तन्वीचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ती घरी येऊन हिंडूफिरू लागली, तशी सरांनी बेल वाजवली. "शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे आभाराची पूजा आहे. तिघांनी यायचं. प्रसादाला केक."

गेलो. टेबलावर दिवा, जव, मध आणि डाळिंबाचा रस. "खरं तर वाइन लागते, पण देव अ‍ॅडजस्ट करतात." सरांनी पेटतं तमालपत्र पाण्यात बुडवलं आणि त्या पाण्यानं सगळ्यांना हात धुवायला लावले.

"हे बिर्याणीतलंच ना?" वैशाली कुजबुजली. तेच होतं.

मग सरांनी निखाऱ्यावर लोबान इतक्या सढळ हातानं टाकला, की छतावरचा स्मोक अलार्म कोकलू लागला. वॉचमन धावत वर आला.

"साटमसाब, क्या जल रहा है?"

"कुछ नहीं हबीबी, थँक्यू बोल रहे हैं!"

वॉचमननं खुर्चीवर चढून अलार्म गप्प केला आणि केकचा तुकडा घेऊन तो खाली गेला.

धूर निवळला. आभार कशाचे ते सरांनी सांगितलं नव्हतं; मला वाटलं, त्यांना प्रमोशन मिळालं असणार. सरांनी वाटीत रस ओतला आणि सरळ मराठीत म्हणाले, "हेस्तिया आई, आणि अस्क्लेपिओस वैद्यबुवा, पोरगी धडधाकट घरी आली. तुमचे उपकार आहेत."

वैशालीचं हसू तिथंच थांबलं.

"सर, हे आमच्यासाठी?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी कसलं? तुम्ही हॉस्पिटलात होतात, तेव्हा भिंतीपलीकडून काहीच ऐकू येईना. तुमची भांडणं नाहीत, तन्वीचं गाणं नाही. मला जेवणच जाईना हो."

तन्वी म्हणाली, "अंकल, यू कॅन जस्ट कम ओव्हर, यू नो."

"येईन की. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नाही," वैशाली म्हणाली. "उद्या. जेवायलाच."

तन्वी नको नको म्हणत होती, तरी सर तिच्या प्लेटमध्ये केकचा दुसरा, मग तिसरा तुकडा ठेवत राहिले.